ब्रिज काढून झिर्कोनिया आणि इम्प्लांट: आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये माझ्या खालच्या डाव्या बाजूला ओळीनं तीन नवे दात बसले. कडेचे दोन माझ्याच मुळांवरचे झिर्कोनियाचे (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकचे) क्राऊन, म्हणजे दातावरच्या टोप्या. मधला टायटॅनियमच्या इम्प्लांटवरचा, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरचा. आता नोव्हेंबर सुरू आहे. तर्री-पोहे, ज्वारीची भाकर, सावजी मटण, मेथीचे लाडू, सगळं या तिघांवर खाऊन झालं, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधीची हकीकत सांगावी लागेल. पडलेल्या दाढेच्या जागी २०१० साली मी तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले तीन दात, बसवला होता. आत धातू, वर पोर्सेलीन. त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक केले. तिसऱ्याच वर्षी खारे शेंगदाणे खाताना पोर्सेलीनचा टवका उडाला आणि त्या धारेनं जीभ सोलून निघाली. दुरुस्त करायचा तर अख्खा ब्रिज तोडावा लागेल, असं तेव्हाच्या दवाखान्यात सांगितलं, मग मी तसंच चालवून घेतलं. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात तोंडाला वास यायला लागला. ब्रिज कापला तर मागची दाढ आतून काळीठिक्कर. तिन्ही दात एकमेकांना जखडलेले, त्यामुळे एकाचं सिमेंट सुटलं तरी दुसऱ्याच्या जोरावर ब्रिज हलत नव्हता, आणि आत वर्षानुवर्षं झिरपत होतं. ही गोष्ट आठवली की आजही जीव चरफडतो.

नागपुरात धरमपेठेतल्या नव्या डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काकू, या वेळी तिघं वेगवेगळे करू. एकाचं दुखणं दुसऱ्यानं झाकायला नको." मला पटलं. मागच्या दाढेचं रूट कॅनल झालं. मला साखरेचा त्रास असल्यानं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ७.२ वर आल्यावरच त्यांनी हाडात इम्प्लांट बसवला, आणि हाड धरायला चार महिने दिले. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशाच्या हाडावर काम करताना दिसलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. म्हणजे इम्प्लांट ही काही कालपरवाची गोष्ट नाही. मला नवं वाटलं ते पुढचं.

माप घ्यायला तोंडात लगदा भरला नाही. मागच्या वेळी लगदा भरलेल्या त्या ट्रेमुळे मला उमासे आले होते, त्यामुळे हातरुमाल तयार ठेवूनच मी खुर्चीत बसले होते. डॉक्टरांनी जाडसर टॉर्चसारखा स्कॅनर दातांवरून फिरवला आणि समोरच्या पडद्यावर माझा जबडा रंगांत उमटत गेला. जिथे लाळ किंवा हिरडीचं थेंबभर रक्त आलं तिथे चित्र फाटल्यासारखं दिसे. मग पुसायचं, हिरडी बाजूला सारायला बारीक दोरा घालायचा आणि तेवढीच जागा पुन्हा स्कॅन करायची. मागच्या दाढेची एक कड त्यांनी तीनदा घेतली. लगद्याच्या मापात ही चूक लॅबमध्ये पोचल्यावर कळली असती. इथे दोघींनाही तिथल्या तिथे दिसत होती. स्कॅन करून त्याच बैठकीत दातातलं भरण कोरून बसवायची सुरुवात झुरिकच्या विद्यापीठात १९८५ साली झाली होती, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं.

त्यांच्या कपाटात भट्टीत न गेलेला एक झिर्कोनिया क्राऊन होता. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. हुबेहूब खडू! ३१ वर्षं फळ्यासमोर काढलेल्या बाईला दुसरं काय आठवणार? नखानं खरवडला तर भुकटी निघाली. तो खऱ्या मापापेक्षा साधारण २० ते २५ टक्के मोठा कोरतात, मग १५०० अंशांच्या आसपास तापवतात, तेव्हा तो आक्रसून नेमका मापात येतो आणि दगडासारखा होतो. त्याच्या चिवटपणाचं कारण फार सुंदर आहे. तडा जायला लागला की तड्याच्या टोकाशी असलेले कण आपली रचना बदलतात, किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. दाढेला हा मजबूत प्रकार. पुढच्या दातांना जास्त पारदर्शक मिळतो, पण त्याची ताकद कमी असते.

आता वापराचं. मधल्या काळातले अ‍ॅक्रिलिकचे तात्पुरते दात दोन आठवड्यांत हळदीनं पिवळे पडले होते. झिर्कोनियावर आठ महिन्यांच्या तर्रीचा डाग नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर असताना माठाचं पाणी, बर्फ घातलेलं ताक, सगळं त्या बाजूनं प्यायले. पुढच्या जिवंत दाताला पूर्वी कळ यायची, ती आली नाही.

पहिल्या आठवड्यात मात्र वरची दाढ शिवशिवायला लागली. क्राऊन बसवताना निळा कागद चावायला देऊन, ठसा उमटलेल्या उंच जागा घासून दिल्या होत्या, पण घासल्यावर पॉलिश राहून गेलं होतं. घासलेला झिर्कोनिया खरखरीत होतो आणि समोरच्या खऱ्या दाताला कानशीसारखा झिजवतो. चकचकीत केला की सौम्य राहतो. पुन्हा जाऊन रबरी चाकांनी पॉलिश करून घेतलं, चार दिवसांत त्रास गेला. क्राऊन बसवताना "शेवटी पॉलिश केलं ना?" एवढं नक्की विचारा.

इम्प्लांटची सवय वेगळीच. आपल्या दाताच्या मुळाभोवती पातळ गादीसारखा पडदा असतो, त्यानं दाब कळतो. इम्प्लांटला तो नाही. वरणात खडा आला तर कडेच्या दातांना आधी टोचतो. मधल्यावर आधी कानात 'कट्' ऐकू येतं. म्हणून डॉक्टरांनी मधल्यावर चावण्याचा भार किंचित कमी ठेवला आहे.

सप्टेंबरमध्ये मधला दात जिभेला जरासा फिरल्यासारखा वाटला. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनी वरचं छोटं फिलिंग काढलं, आतून नळाला गुंडाळतात तसली पांढरी टेप ओढून काढली आणि दात इम्प्लांटला धरून ठेवणारा, ढिला झालेला स्क्रू मोजक्या जोरानं आवळून दिला. दहा मिनिटांत घरी. सिमेंटनं चिकटवलेला असता तर कदाचित कापावा लागला असता.

खर्च: इम्प्लांट दातासकट ३८ हजार, प्रत्येक क्राऊन ९ हजार. पेन्शनीत हे जड गेलं. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयातही आधी चौकशी करा. माझ्या नणंदेची कवळी तिथलीच आहे आणि ती समाधानी आहे.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. दिवाळीपासून इम्प्लांट आणि त्याच्या पुढच्या दातामध्ये सांबाराची (कोथिंबिरीची) पानं अडकतात. खरे दात वयानं हळूहळू पुढे सरकतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, म्हणून तिथे फट पडते. रोज रात्री बारीक ब्रश घालते. जानेवारीत स्क्रू काढून तेवढाच दात लॅबला पाठवायचा, त्या बाजूला भर घालायची आणि पुन्हा बसवायचा असं ठरलं आहे. शेजारच्या दोघांना हातही लावायचा नाही.