उसण भरल्यावर ट्रामाडॉल की मसल रिलॅक्संट? घ्यायच्या आधी एवढं वाचा

कंबरेत उसण भरली, डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहून दिल्या, त्यातली एक साधी पेनकिलर, एक ट्रामाडॉलवाली आणि एक मसल रिलॅक्संट. आता प्रश्न असा की सगळ्या घ्यायच्या का, आणि नसतील घ्यायच्या तर कुठली सोडायची. मेडिकलच्या काउंटरवर हे रोज कोणीतरी विचारतंच आणि गर्दीत उत्तर मिळतं ते "लिहिलंय तसं घ्या" एवढंच. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: साध्या उसणीला ओपिऑइड (ट्रामाडॉल त्यातलंच) नको, मसल रिलॅक्संट घेतलंच तर दोन-चार रात्रींपुरतं, आणि दोन्ही एकत्र लिहिलं असेल तर डॉक्टरांना एक फोन करून विचारल्याशिवाय नाहीच.

ओपिऑइड म्हणजे अफूतून निघालेली किंवा अफूसारखं काम करणारी औषधं. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल ही नावं ऐकली असतील, पण आपल्याकडे चिठ्ठीवर सर्रास दिसतात ती ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल. मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या रिसेप्टरना ही चिकटतात आणि दुखण्याचा निरोप तिथेच अडवतात, जिथे दुखतंय तिथलं सूजबीज काही कमी होत नाही. ट्रामाडॉलची गंमत अशी की मूळ गोळीत ओपिऑइडचा जोर फारसा नसतोच, खरा जोर यकृतात गेल्यावर तिचं जे दुसरं रूप तयार होतं त्यात असतो, आणि ते रूप बनवणारं एन्झाइम काहींच्यात सुस्त असतं तर काहींच्यात भलतंच जोरात चालतं, त्यामुळे एकाच घरात सासऱ्यांना गोळीने काही फरक पडत नाही आणि सुनेला तीच गोळी घेऊन दिवसभर उलट्या आणि गरगर. लहान मुलांत हा प्रकार जिवावर बेतू शकतो म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी (एफडीए) २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्यांना ट्रामाडॉल द्यायचंच नाही असं ठरवलं. टॅपेंटाडॉलला ही यकृताची भानगड नाही, ते थेट काम करतं, पण म्हणून ते 'हलकं' आहे असं अजिबात समजू नका.

आता मसल रिलॅक्संट. नावावरून वाटतं की गोळी जाऊन आखडलेला स्नायू सैल करते, तसं काही होत नाही. टिझानिडिन, क्लोरझॉक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, बॅक्लोफेन, सायक्लोबेन्झाप्रिन, ही सगळी मंडळी काम करतात मेंदू आणि मज्जारज्जूत, आणि बऱ्याच वेळा जो आराम वाटतो त्यातला मोठा वाटा गुंगीचाच असतो. (ऑपरेशनच्या वेळी देतात ते मसल रिलॅक्संट वेगळे, ते खरोखर स्नायू लुळे करतात, व्हेंटिलेटर लागतो, त्यांचा या गोळ्यांशी नावापलीकडे संबंध नाही.) बॅक्लोफेन तर मुळात उसणीचं औषधच नाही, ते पाठीच्या कण्याला मार लागल्यावर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात स्नायूंना जो कडकपणा येतो त्यासाठीचं.

मग दोघांत जास्त आराम कशाने पडतो? यावर मला सगळ्यात पटलेला अभ्यास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला आहे, २०१५ मध्ये छापून आलेला. कंबरदुखीने इमर्जन्सीत आलेले ३२३ लोक, सगळ्यांना नॅप्रोक्सेन ही साधी पेनकिलर दिली, वर एका गटाला नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी, दुसऱ्या गटाला सायक्लोबेन्झाप्रिन म्हणजे मसल रिलॅक्संट, तिसऱ्याला ऑक्सिकोडोन आणि पॅरासिटामॉल म्हणजे चांगलं दणकट ओपिऑइड. आठवड्याने पाहिलं तर तिन्ही गटांत फरक नाही! वरची गोळी असो नसो, लोक सारखेच बरे होत होते, फक्त गुंगी-मळमळीचा त्रास खरी गोळी घेणाऱ्यांना जास्त. पुढे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणखी एक अभ्यास आला, ३४७ लोक, नवीन कंबरदुखी किंवा मानदुखी असलेले, त्यांना ६ आठवड्यांपर्यंत ओपिऑइड किंवा खोटी गोळी, आणि ओपिऑइडने दुखणं जास्त कमी झालं नाही, उलट वर्षभराने औषधाच्या गैरवापराचा धोका ओपिऑइडवाल्यांत जास्त निघाला. मसल रिलॅक्संटवर २०२१ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर दुखण्याच्या १०० च्या मापावर जेमतेम ८ पॉइंटचा फायदा तोही पहिल्या दोन आठवड्यांत आणि त्या पुराव्याचीही फार खात्री नाही. म्हणजे या बाबतीत मसल रिलॅक्संट जिंकतं, पण नाकाच्या शेंड्याने.

त्रासाच्या बाबतीत मात्र दोघांची जात वेगळी आहे. ओपिऑइडने मळमळ, गरगर, पोट साफ न होणं, आणि डोस वाढला किंवा दुसरी गुंगीची गोळी सोबत असली तर श्वास मंदावणं. ट्रामाडॉलने वर फिट येऊ शकते, आणि ते सेरोटोनिन वाढवत असल्यामुळे डिप्रेशनची गोळी चालू असेल (एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे) तर डॉक्टरांना सांगणं अगदी मस्ट, लोक हे सांगायला लाजतात आणि तिथेच घोळ होतो. सवय लागते हे तर आहेच, म्हणून आपल्याकडे २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस म्हणजे नशेच्या औषधांवरच्या कायद्याखाली आणलं. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून त्याच्यावर चिडू नका.

मसल रिलॅक्संटमध्ये प्रत्येकाची खोड वेगळी. टिझानिडिन बीपी खाली आणतं, तोंड कोरडं पडतं, सकाळी उठल्या उठल्या तोल जातो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकसोबत ते घ्यायचंच नाही, कारण सिप्रोमुळे टिझानिडिन रक्तात कितीतरी पट वाढतं. आपल्याकडे लघवीच्या इन्फेक्शनला सिप्रो घरात उरलेली असते आणि लोक स्वतःच सुरू करतात, म्हणून हे ठळकपणे सांगतोय. क्लोरझॉक्साझोनने क्वचित यकृताला त्रास होतो, तेव्हा रोज घेणाऱ्यांनी आणि आधीच यकृताचा आजार असणाऱ्यांनी जपून. थायोकोल्चिकोसाइड म्हणजे मायोरिल वगैरे, हे कळलावीच्या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून बनवतात, तीच आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी. याने गुंगी कमी येते म्हणून लोकांना आवडतं, पण युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये यावर बंधनं घातली: तोंडाने जास्तीत जास्त ८ मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि तेही ७ दिवसच, कारण शरीरात त्याचा जो एक घटक बनतो तो पेशी विभागताना क्रोमोसोमची संख्या बिघडवू शकतो. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आणि मूल होऊ शकेल अशा वयातल्या पण गर्भनिरोधक न वापरणाऱ्या, यांना हे नाहीच. आपल्याकडे महिनाभर लिहिलेल्या चिठ्ठ्या दिसतात तेव्हा मला खरंच कळत नाही काय बोलावं.

अजून एक, कॅरिसोप्रोडॉल. शरीरात गेल्यावर त्याचं मेप्रोबामेट होतं, ती जुन्या काळातली सवय लावणारी शांत करायची गोळी. युरोपने २००७ मध्येच याला बाजारातून काढायची शिफारस केली होती. आणि ओपिऑइड अधिक मसल रिलॅक्संट एकाच गोळीत घातलं की काय होतं याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे: मुंबईच्या एका कंपनीची टॅपेंटाडॉल अधिक कॅरिसोप्रोडॉल अशी गोळी पश्चिम आफ्रिकेत, घाना-नायजेरियात, नशेसाठी विकली जात होती, बीबीसीने ते उघड केल्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने या जोडीचं उत्पादन आणि निर्यात बंद केली. दोन्ही औषधं श्वासाला मंद करणारी, एकावर एक. दारू मध्ये आली तर बघायलाच नको.

मग करायचं काय? नवीन उसण, पायात ताकद आहे, लघवी-संडासवर ताबा आहे, ताप नाही, तर गरम पाण्याची पिशवी, जमेल तेवढं चालणं-फिरणं आणि पोट, किडनी, बीपी ठीक असेल तर काही दिवस साधी पेनकिलर जेवणानंतर. रात्री झोपच लागत नसेल तर मसल रिलॅक्संट रात्रीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टू-व्हीलर काढायच्या आधी डोकं जड आहे का बघा. वय ६५ च्या पुढे असेल तर मी तेही टाळायला सांगेन, पडून खुबा मोडला तर उसणीपेक्षा महाग पडेल. स्ट्रिपच्या मागचं वाचा, कारण ट्रामाडॉलवाल्या अल्ट्रासेटमध्ये ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल आहे आणि एमआर (म्हणजे मसल रिलॅक्संट) लिहिलेल्या बऱ्याच कॉम्बिनेशनमध्येही असतं, दोन्ही मिळून आणि वर तापाची गोळी घेतली की हिशोब चुकतो. पायात मुंग्या-बधिरपणा वाढतोय, मांड्यांच्या मधला भाग सुन्न वाटतोय, लघवी अडतेय, तर गोळ्यांचा विचार सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि आधीपासून महिनोन् महिने ट्रामाडॉल, बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन चालू असेल तर हे वाचून उद्यापासून बंद करू नका, तिन्हीही हळूहळू कमी करावी लागतात, बॅक्लोफेन एकदम सोडलं तर भास आणि फिट येऊ शकतात.

हे सगळं उसणीपुरतं. ऑपरेशननंतरचे दोन-तीन दिवस किंवा हाड मोडलंय तेव्हा थोडक्या दिवसांचं ओपिऑइड रास्त आहे. आणि कॅन्सरच्या दुखण्याला तर तुलनेचा प्रश्नच नाही, तिथे मसल रिलॅक्संट देऊन वेळ घालवू नये, मॉर्फिनच लागतं आणि ते मागायला घाबरायचं नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यामुळे इतक्या परवानग्या लागायच्या की हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायलाच तयार नसायची, २०१४ च्या दुरुस्तीने ते बरंच सोपं झालं. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी पॅलिएटिव्ह केअरचा (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा) वेगळा विभाग आहे, जवळ असाल तर तिथे विचारा. मॉर्फिन सुरू झालं की पहिल्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत लिहून घ्या, ते लिहायचं हमखास राहून जातं.