शिफ्ट केबलचा बुश किट: ऑटोमॅटिक पिकअपचा लिव्हर अडकल्यावर घ्यावा का?

गिअरचा लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी ती शिफ्ट केबल. तिच्या टोकाचा बुश, म्हणजे टोक पिनवर घट्ट धरून ठेवणारी छोटी कडी, बदलण्याचा किट तळहातावर मावतो. त्यात दाट प्लास्टिकचा किंवा रबराचा एक साचेबद्ध बुश असतो, काही किटांत वर बसवायची टोपी आणि ग्रीसची छोटी पुडी मिळते. केबलचे जुने टोक तसेच ठेवायचे, त्याच्या डोळ्यात, म्हणजे गोल भोकात, हा नवा बुश दाबून बसवायचा आणि ते टोक गिअरबॉक्सच्या लिव्हरवरच्या गोल डोक्याच्या पिनवर परत चढवायचे. सगळे काम अर्ध्या ते एका तासाचे. अख्खी केबल बदलायची तर कन्सोल किंवा स्टिअरिंग कॉलमचे कव्हर उघडावे लागते आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून, केबल ओढून काढावी लागते. ते टळते, हा या किटचा मोठा गुण.

बुश तुटला असेल तर हा किट डोळे झाकून घ्यावा. पण लिव्हर अडकण्याची कारणे अनेक आहेत आणि हा किट त्यांतल्या एकावरच चालतो. किट बसवूनही फरक पडला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक वेळा बिघाडच दुसरा असतो. म्हणून पैसे खर्चण्याआधी लिव्हर नेमका कुठे आणि कसा अडकतो, हे पाहा.

लिव्हर पार्कमध्ये आहे आणि जागचा हलतच नाही, तर बुशचा संबंध जवळजवळ नाही. इथे संशय ब्रेक-शिफ्ट इंटरलॉकवर, म्हणजे ब्रेकशी जोडलेल्या लिव्हरच्या कुलपावर, घ्यायचा. इग्निशन चालू असताना ब्रेकवर पाय आल्याशिवाय लिव्हर पार्कमधून निघू नये, यासाठी लिव्हरच्या यंत्रणेत एक सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा छोटा खटका, बसवलेला असतो. त्याला खबर मिळते ती ब्रेक पेडलच्या वरच्या स्विचकडून, आणि त्याच स्विचवर मागचे ब्रेक लाइटही अवलंबून असतात. त्यामुळे पहिली तपासणी फुकटात होते. चावी ऑन करा, पेडल दाबा आणि मागचे दिवे लागतात का ते कोणाला तरी पाहायला सांगा. दिवे लागत नसतील तर फ्यूज किंवा ब्रेक स्विच पाहा. पेडलजवळचा रबरी किंवा प्लास्टिकचा छोटा ठोकळा झिजून पडला तरी स्विचचे काम बिघडते. दिवे लागतात, पण पेडल दाबल्यावर लिव्हरच्या बुडाशी ‘टक्’ आवाज येत नसेल, तर सोलेनॉइडच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. पेडल दाबल्यावर बारा व्होल्टच्या आसपास वीज पोचत असून आवाज नाही, तर सोलेनॉइड गेला. वीजच पोचत नसेल तर वायर, रिले किंवा कंट्रोल युनिटकडे जा. काही रचनांत हे उलटे असते: वीज असताना कुलूप लागते आणि ब्रेक दाबला की वीज तुटून ते सुटते. म्हणून त्या गाडीची वायरिंगची आकृती समोर ठेवूनच निष्कर्ष काढा. बॅटरी उतरली असेल तरीही सोलेनॉइड ओढत नाही. हे कारण इतके साधे आहे की नेमके तेच बघायचे राहून जाते.

तोवर गाडी हलवायची असेल तर बहुतेक गाड्यांत सुटकेची सोय असते. फ्लोअर शिफ्टरच्या, म्हणजे दोन सीटांमधल्या लिव्हरच्या, बाजूला छोटे झाकण असते, ते उचलून आतल्या खाचेत चावी किंवा चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर दाबायचा आणि लिव्हर न्यूट्रलला घ्यायचा. स्टिअरिंगजवळच्या कॉलम शिफ्टरमध्ये ही जागा कॉलमच्या खालच्या कव्हरपाशी असू शकते. गाडीच्या पुस्तिकेत ती दाखवलेली असते. त्याआधी पार्किंग ब्रेक ओढा आणि पाय ब्रेकवरच ठेवा, कारण इंटरलॉक देत असलेले संरक्षण आपण त्या क्षणी काढून घेत असतो. फ्लोअर शिफ्टरच्या बटणाखाली सांडलेले गोड पेय सुकले तरी बटण वर येत नाही आणि लिव्हर अडतो. तिथे कोमट पाणी, मऊ ब्रश आणि नंतर इलेक्ट्रिकल क्लीनर पुरतो.

पार्कमध्येच अडकण्याचे दुसरे कारण म्हणजे उतार. पार्कमध्ये एक लोखंडी जीभ, म्हणजे पार्किंग पॉल, आउटपुट शाफ्टच्या दातेरी चाकात बसते. उतारावर हँडब्रेक न लावता पाय काढला की भरलेल्या पिकअपचे सगळे वजन त्या जिभेवर येते, आणि लिव्हर ओढताना तीच ओढावी लागते. सुटताना मोठा ‘ठक्क’ आवाज येतो तो त्याचाच. लिव्हरवर जोर लावत बसू नका, त्याने केबलचा बुश किंवा कॉलममधला प्लास्टिकचा भाग तुटतो आणि एकाचे दोन बिघाड होतात. चाकांना उताराच्या बाजूने पाचर लावा, दुसऱ्या गाडीने दोर बांधून पिकअप चढाच्या दिशेने बोटभर ओढून घ्या, लिव्हर हलका निघतो. पुढच्या वेळी क्रम असा ठेवा: ब्रेकवर पाय, न्यूट्रल, हँडब्रेक, पाय ढिला करून वजन हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा पाय दाबा आणि मग पार्क.

आता किटचे खरे काम. लिव्हर लोण्यासारखा फिरतो, डॅशवरचे चिन्ह किंवा कॉलमवरचा काटा कदाचित बदलतोही, पण गाडी मात्र आधीच्याच गिअरमध्ये राहते. किंवा लिव्हर पार्कला असूनही स्टार्टर फिरत नाही. इथे केबलचे टोक पिनवरून निसटलेले असते. हा बिघाड सगळ्यांत धोकादायक आहे, कारण लिव्हर पार्कवर दिसतो आणि गिअरबॉक्स रिव्हर्स किंवा ड्राइव्हमध्ये असू शकतो. चालक उतरतो आणि गाडी निघते. २०२२ च्या जूनमध्ये फोर्डने सुमारे २९ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. त्या कार, क्रॉसओव्हर आणि छोट्या व्हॅन होत्या, पण यंत्रणा तीच: उष्णता आणि दमटपणाने बुश खराब होऊन केबलचे टोक सुटणे. त्यावरच्या उपायात नवा बुश तर होताच, शिवाय त्यावर संरक्षक टोपीही बसवली जात होती. म्हणून दोन किटांतून निवडायचे असेल तर टोपीवाला घ्यावा. २०१८ साली याच कंपनीने एफ-१५० सह सुमारे साडेतीन लाख गाड्या बोलावल्या, तेव्हा दोष गिअरबॉक्सकडे केबल धरून ठेवणारी क्लिप नीट न बसण्याचा होता. क्लिप सुटली असेल तर बुश बदलून काही होत नाही. केबलचे बाहेरचे आवरण ब्रॅकेटमध्ये घट्ट आहे का, हे आधी हलवून पाहा. आणि किट मागवण्याआधी गाडीचा चासी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते तपासा, असेल तर काम फुकट होते.

लिव्हर सगळ्याच जागी जड चालत असेल तर किटवर पैसे घालवू नका. खाली जाऊन केबलचे टोक पिनवरून काढा आणि गिअरबॉक्सचा लिव्हर हाताने फिरवा. तो टप्प्याटप्प्याने स्वच्छ खटके देत फिरला तर गिअरबॉक्स ठीक, दोष केबलचा. केबलच्या आवरणात पाणी शिरून आत गंज धरतो आणि कडाक्याच्या थंडीत तेच पाणी गोठते. सकाळी अडकणारा लिव्हर दुपारी सुटत असेल तर हेच कारण समजा. अशी केबल अख्खी बदलावी. आवरणात तेल ओतल्याने काही दिवस हलके वाटते, मग धूळ धरून ती आणखी जड होते. उलट केबल हलकी आणि गिअरबॉक्सचा लिव्हरच जड, तर त्या लिव्हरचा दांडा (सिलेक्टर शाफ्ट) केसिंगमध्ये शिरतो तिथे गंज पाहा. त्या जागी गंज सोडवणारे तेल मारून शाफ्ट हळूहळू पुढे-मागे करा, आणि नंतर तिथल्या सीलमधून ऑइल झिरपत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

गोल नॉब किंवा बटणांचा इलेक्ट्रॉनिक शिफ्टर असलेल्या पिकअपमध्ये नॉबपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल नसतेच. तिथे या किटला कामच नाही.

बसवण्याबद्दल. किटसोबतचा कागद एका वाक्यात आटोपतो: जुना बुश काढा, नवा दाबा. प्रत्यक्षात यश जागा साफ करण्यावर ठरते. गाडी सपाटीवर घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून पाचर लावा, चावी खिशात ठेवा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) न्यूट्रलमध्ये नाही ना, हे पाहा. पार्कची जीभ गिअरबॉक्सच्या शाफ्टला धरते, आणि पुढे ट्रान्सफर केस न्यूट्रलला असली तर पार्कमध्येही गाडी घरंगळते. सायलेन्सरचा पाइप थंड होऊ द्या, कारण हात त्याच्या शेजारीच जातो.

केबलच्या डोळ्यातले जुन्या बुशचे तुकडे प्लास्टिकच्या टोकाने किंवा लाकडी काडीने काढा. धातूने ओरखडे पडले की नवा बुश तिथूनच झिजतो. पिनवर गंज असेल तर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने हलका काढा आणि व्हर्निअरने पिनच्या डोक्याचा व्यास मोजा. तो किटच्या मापाशी जुळायला हवा, ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ हा छापील दावा पुरेसा नाही. डोक्यावर झिजून सपाट कड आली असेल तर नवा बुशही निसटणार. मग पिनसकट गिअरबॉक्सचा लिव्हर बदला. केबलचा डोळाच तडकला असेल तरी किट बाजूला ठेवा आणि केबल घ्या. ग्रीस सिलिकॉनचे वापरा, अगदी पातळ थर. साध्या पेट्रोलियम ग्रीसने बरेच रबर फुगते आणि मऊ पडते.

बुश आधी डोळ्यात बसवा, खाच सगळीकडून वर आली का ते बोट फिरवून बघा, मग टोक पिनवर ठेवून मोठ्या पकडीने सरळ दाबा. तिरका दाब दिला तर बुशची ओठासारखी कड फाटते आणि ते बाहेरून दिसत नाही. ‘टक्’ आवाज आला की टोक हाताने जोरात ओढून बघा, हलता कामा नये. हातोडी नको. टाय किंवा तारेने टोक बांधून गाडी चालवणेही नको. तार गिअर बदलायला पुरते, पण पार्कपर्यंत पूर्ण पोचेलच याची खात्री देत नाही.

जुळवणीबद्दल बहुतेक किट गप्प असतात, आणि माझ्या मते हा त्यांचा मोठा दोष आहे. आत लिव्हर पार्कला ठेवा, खाली गिअरबॉक्सचा लिव्हर पार्कच्या टोकापर्यंत न्या, केबलवरची जुळवणीची क्लिप उघडा, केबल तिच्या नैसर्गिक जागी येऊ द्या आणि क्लिप पुन्हा दाबून बंद करा. यात थोडाही फरक राहिला तर लिव्हर दोन जागांच्या मध्ये थांबतो आणि गाडी पार्क व रिव्हर्सच्या सीमेवर उभी राहते.

मग पाचर तशीच ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून तपासा. इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू व्हायला हवे. पार्कमध्ये न होता न्यूट्रलमध्येच होत असेल तर जुळवणी पुन्हा करा, आणि तरीही तसेच राहिले तर रेंज सेन्सर, म्हणजे गिअरबॉक्स कोणत्या गिअरमध्ये आहे ते सांगणारा सेन्सर, पाहा. रिव्हर्सला मागचे पांढरे दिवे लागले पाहिजेत. शेवटी इंजिन बंद करून पार्कला घ्या, पाचरी एक वीतभर दूर सरकवा, हँडब्रेक सोडा आणि बाहेरून गाडीला पुढे-मागे धक्का द्या. बोट-दोन बोटे हलून ती घट्ट थांबली तर केबल बसली. पहिल्या आठवड्यात एकदा खाली वाकून टोपी जागेवर आहे का ते पाहा. टोपी किंवा बुश सायलेन्सरच्या बाजूने मऊ झालेला दिसला, तर तिथला उष्णतारोधक पत्रा पडला आहे असे समजून आधी तो लावा, नाहीतर दुसरा बुशही तसाच जाईल.