वाळूतलं रग्बी की मातीतलं? बेळगावकरापुरतं उत्तर

मी दोन्ही खेळलोय. पंधरा जणांचं रग्बी युनियन तीन हंगाम इथल्या लाल मातीत, आणि गेली दोन वर्षं जमेल तेव्हा गोव्याला जाऊन बीच रग्बी. कुठून सुरुवात करावी, या प्रश्नाला माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकणार, हे आधीच सांगतो.

चेंडू पुढे फेकायचा नाही आणि चेंडू असलेल्याला धरून पाडायचं (म्हणजे टॅकल), हे दोन्हीकडे सारखंच. फरक पुढे सुरू होतो. युनियनमध्ये ८० मिनिटं, ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, ५ गुण, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टी किकचे ३. त्यामुळे पाय चांगला असलेला एक खेळाडू अख्खा सामना फिरवू शकतो. वाळूत गोलचे खांबच नसतात. बहुतेक ठिकाणी पाच-पाच जण, मोजक्या मिनिटांचे दोन भाग, ट्रायला एकच गुण. चेंडूसाठी दोन्ही संघांनी खांद्याला खांदा लावून रेटायचं ते स्क्रम नाही, बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकायचा ते लाइनआउट नाही. दमलात की बाहेर या, श्वास घ्या, परत आत जा.

माझा निर्णय मात्र नियमांनी केला नाही, जमिनीनं केला. पावसाळा सरला की आपली मैदानं वाळून टणक होतात आणि वर जांभ्याची बारीक खडी उघडी पडते. टॅकल करताना पहिला घासतो तो गुडघा, मग कोपर. जखमेत लाल माती अशी बसते की आंघोळीला पाणी लागलं तरी जीव कळवळतो. सोमवारी कामावर बसलं की शर्टाची बाही कोपराला चिकटते आणि उठताना खपली निघते. जखम भरेपर्यंत पुढचा रविवार. गल्लीतले मामा दर वेळी विचारायचे, "काय गा, परत सोलून घेतलंस?" तिसऱ्या हंगामात माझ्या लक्षात आलं की मी टॅकलला उशिरा जातोय. या खेळात त्याच्याइतकं वाईट काही नाही.

वाळूत ती भीतीच गेली. मिरामारला पहिल्याच सकाळी पूर्ण अंग झोकून पडलो आणि हसत उठलो. पोटऱ्या मात्र दोन दिवस भरून आल्या होत्या, हेही खरं. शिवाय जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरायला तीन तास धरायचे, भरती-ओहोटी बघायची, ऊन चढायच्या आत उरकायचं. पावसाळ्यात तर सगळंच बंद.

युनियनची एक गोष्ट मला आजही हवीशी वाटते. आठ जणांचे खांदे एकमेकांत अडकवून दिलेला स्क्रमचा रेटा वाळूत मिळत नाही. अंगानं भरलेल्या, पळायला जरा जड पोराला तिथे मानाची जागा आहे. तुम्ही तसे असाल आणि मान-पाठ कशी ठेवायची हे शिकवणारा जाणता माणूस जवळ असेल, तर खुशाल युनियनला जा. तसा माणूस नसेल तर स्क्रमच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

बाकीच्यांनी वाळूतून सुरुवात केलेली बरी. दर आठवड्याला गोवा कुणालाच परवडत नाही, म्हणून आम्ही टॅकलचा सराव गावातल्या तालमीत करतो. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती माती पडणाऱ्याला सांभाळून घेते. पाच जणांना आखाडा पुरतो. वस्तादांची अट एकच: चपला बाहेर, आणि आधी मातीला नमस्कार.