नाकावर प्रॉप की पाठीवर?

रिमोटवर उडणारं पहिलं विमान घ्यायचं ठरलं की माणूस आधी पंखांची लांबी बघतो, मग चॅनेल किती, म्हणजे रिमोटवरून किती गोष्टी हलवता येतात ते, मग विमान आपोआप सावरणारा गायरो आहे की नाही. ते सगळं तुमचं बघून झालंय असं धरून चालतो. फोमचं, पंख वरच्या बाजूला असलेलं, मीटर-सव्वा मीटरचं, तीन सेलच्या लिपो बॅटरीवर उडणारं, इथवर पोचला असाल तर वाट बरोबर आहे. आता एक प्रश्न उरतो, ज्याकडे मी पहिल्या खेपेला ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मोटर आणि तिचा प्रॉप, म्हणजे फिरता पंखा, नाकावर असलेलं घ्यायचं, की पंखामागे पाठीवर असलेलं?

नाकावरच्या जातीत चाकांचे नेहमीचे ट्रेनर, म्हणजे शिकायची विमानं येतात, खऱ्या छोट्या विमानासारखे दिसणारे. ॲप्रेंटिस हे त्यातलं बऱ्याच जणांनी ऐकलेलं नाव. पाठीवरच्या जातीत मोटर लावलेले ग्लायडर येतात, म्हणजे ईझी स्टार, बिक्सलर आणि त्यांच्या वळणावर गेलेली बाकीची भावंडं. मी आधी नाकावर प्रॉपवालं घेतलं आणि बऱ्याच महिन्यांनी पाठीवरचं. दोन्ही अजून माझ्याकडे आहेत. त्यामुळे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला शिव्या घालायचा विचार नाही, पण कल लपणार नाही हेही खरं.

आधी नाकवाल्याचं कौतुक. ते जमिनीवरून धावत उठतं. प्रॉपचा वारा थेट शेपटीवर येतो, त्यामुळे वेग नसतानाही रडर, म्हणजे शेपटीवरचा डावी-उजवीकडे वळणारा उभा भाग, हाताला लागतो आणि विमान जमिनीवर हवं तिकडे वळवता येतं. आवाजही सौम्य असतो. पाठीवरच्या प्रॉपला पंखाने आणि अंगाने घुसळलेली हवा मिळते, म्हणून ते भुणभुणतं. चांगल्या कानाच्या माणसाला ते आवडणार नाही. शिवाय त्याच्या प्रॉपखालीच शेपटीचा दांडा असल्याने मोठा प्रॉप लावायची सोय नाही. नाकवाल्यात ती मुभा असते. पुढे कधी कसरती करायच्या असतील तर त्या वाटेवरची जवळपास सगळी विमानं नाकावर प्रॉपवालीच आहेत, तेव्हा सवय आधीच झालेली बरी, असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आता माझी गोष्ट. पहिल्या दिवशी उड्डाण छान झालं. उतरताना मात्र विमान माझ्याच दिशेने येत होतं, डावं-उजवं उलटं झालं आणि मी घाबरून रिमोटची स्टिक भलतीकडे मारली. हे सगळ्यांचंच होतं. त्यावर एक सोपी युक्ती आहे, ती मला नंतर कळली: विमान तोंडावर येत असेल तेव्हा जो पंख खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक ढकलायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय. असो. विमान गवतात नाक खुपसून उभं राहिलं. फोमला ओरखडाही नाही, पण प्रॉपचं एक पातं बुडापासून गायब. उड्डाण सव्वातीन मिनिटांचं, बॅटरीत अजून दोन तृतीयांश दम शिल्लक आणि खिशात दुसरा प्रॉप नाही. गाशा गुंडाळला.

पुढच्या वेळी प्रॉप घेऊन गेलो. तोही मोडला, तिसरा लावला. विमान उठलं, पण आवाज बदललेला, मधमाशी डब्यात कोंडल्यासारखा. उतरवून प्रॉप बोटाने हळू फिरवला आणि बाजूने पाहिलं, तर एका पात्याचं टोक ज्या रेषेतून जातंय, दुसऱ्याचं तिथून दोन-अडीच मिलिमीटर पुढून जात होतं. मोटरचा शाफ्ट, म्हणजे प्रॉप बसतो तो दांडा, वाकला होता. वाकलेल्या शाफ्टवर उडवता येतं, मी उडवलंही, पण ती थरथर सगळीकडे पोचते. मोटरचे स्क्रू ढिले होतात, सर्व्होची, म्हणजे शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरांची जोडणी सैल पडते, आणि एके दिवशी एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या भागाची काडी हिसका बसून निसटते. मोटर बदलायची तर नाकाच्या आत चिकटवलेली प्लायवुडची चकती खरवडून काढावी लागली. त्यात आठवडा गेला.

माझं घोडं इथंच अडलं. प्रॉप ही फार किरकोळ वस्तू आहे, तिच्यासाठी कोणी विमानाची जात ठरवत नाही. पण शिकणाऱ्याला खरी गरज असते ती एका संध्याकाळी जास्तीत जास्त वेळा उतरवण्याची. हवेत गोल गोल फिरणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमतं, उतरवणं मात्र उतरवूनच जमतं. आणि नाकवालं विमान नेमकं तुमच्या वाईट उतरण्यावरच दिवस संपवतं. मी वही ठेवली नव्हती, पण पहिल्या दोन महिन्यांत मैदानावर जाऊन तीनपेक्षा जास्त वेळा विमान उतरवून परतलो असं फार थोड्या वेळा झालं असेल. बाकी वेळ गेला प्रॉपचा नट पिळण्यात नाहीतर परतीच्या वाटेवर.

यावर उपाय आहेत आणि ते मी केले. प्रॉप सेव्हर लावला. त्यात प्रॉप रबराच्या कड्याने अडकवलेला असतो, जमिनीला लागला की कडं ताणलं जातं आणि पातं वाचतं. हलक्या विमानावर तो झकास चालतो. माझ्या विमानाच्या मोटरचा जोर जरा जास्त होता, तिथे प्रॉप पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटर पूर्ण जोरात असताना, डुगडुगायला लागला. दुसरा उपाय म्हणजे जमिनीला टेकण्याआधी थ्रॉटल पूर्ण बंद करणं. सगळे हेच सांगतात आणि बरोबरच सांगतात, पण नवख्या माणसाला त्या दोन सेकंदांत विमानाचं नाक सांभाळावं की थ्रॉटलवरचा डावा अंगठा, हेच सुचत नाही. चाकांचा उपयोग होईल म्हणावं तर घोट्याएवढ्या गवतात चाकं उलट विमानाला कोलांटी घालायला लावतात.

पाठीवर प्रॉपवालं घेतलं तेव्हा पहिल्याच फेकीत नाक मातीत गेलं. गंमत बघा, ते कोसळणं माझ्या नेहमीच्या चुकीने नव्हतं. मोटर अंगाच्या वर, तोलाच्या रेषेच्या बरीच वर बसवलेली असते. त्यामुळे थ्रॉटल एकदम उघडला की ती वरून पुढे ढकलते आणि नाक खाली दाबलं जातं. जोरात दिलं की वर जाईल, हा नाकवाल्यावर शिकलेला हिशोब इथे उलटा पडतो. आता मी साधारण दोन तृतीयांश थ्रॉटल देतो, विमान सरळ, क्षितिजाला समांतर सोडतो, आकाशाकडे भिरकावत नाही. वेग आला की एलिव्हेटर हलकेच ओढतो. थ्रॉटल कमी केला की नाक आपणहून किंचित वर येतं, तेही दोन-चार दिवसांत अंगवळणी पडतं. हा या जातीचा खरा त्रास आहे आणि तो आधी माहीत असावा.

दुसरा त्रास बॅटरीचा. मोटर मागे गेली म्हणजे तोल राखायला बॅटरी नाकात सरकते. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांनी विमान तोलून पाहायचं, हे दोन्ही जातींना सारखंच. फक्त इथे बॅटरी थोडी मागे राहिली तरी शेपूट लगेच जड होते आणि जड शेपटीचं विमान शिकणाऱ्याच्या हातात टिकत नाही. नाकावर आपटलं की दणका बॅटरीला बसतो. मी एक लिपो अशीच घालवली. कोपरा चेपलेला दिसत होता, फुगली नव्हती, तरी पुन्हा चार्जिंगला लावायची हिंमत केली नाही. तेव्हापासून बॅटरीच्या पुढे मऊ फोमचा तुकडा ठेवतो.

पण बाकी काय मोडतं? नाक चेपतं. ईपीओ फोमचं नाक असेल तर त्यावर उकळतं पाणी ओततो, दाणे फुगून परत जागेवर येतात, आधी सुरकुतलेला आंबा वाटणारा भाग बराचसा गोल होतो. तडा गेला तर इन्स्टंट ग्लू लावून मैदानातच जोडतो. पांढऱ्या थर्माकोलला तोच ग्लू खाऊन टाकतो, ईपीओला नाही, तेवढं बघून घ्या. प्रॉप आणि शाफ्ट मात्र वर, मागे, सगळ्या भांडणापासून दूर. पोटावर घसरत उतरवायचं, उचलायचं, गवत झटकायचं, परत फेकायचं. एका बॅटरीत सहा-सात वेळा उतरवून झालं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकतोय.

मूळ ईझी स्टारला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारे पंखांवरचे हलते भाग, नव्हते. रडर, एलिव्हेटर, थ्रॉटल एवढंच. पंख टोकांकडे वर उचललेले असल्याने रडर दिला की विमान आपणच कलून वळतं आणि स्टिक सोडली की बऱ्यापैकी सावरतं. बिक्सलरला एलेरॉन आहेत. कुठलं घ्यावं यावर लोक तासभर बोलतात. माझ्या मते पहिल्या महिन्यात त्याने फार फरक पडत नाही. गायरोचंही तसंच, असला तर चालवा, अधूनमधून बंद करून बघा.

एक गोष्ट इथे गल्लत होऊ नये म्हणून. शेपूट नसलेल्या फ्लाइंग विंगचा प्रॉपही मागे असतो, पण ती वेगळी जात. फेकताना त्याचा प्रॉप बोटांच्या अगदी जवळून जातो. मी म्हणतोय त्या ग्लायडरात तो पंखाच्या वर असतो आणि हात पोटाखाली. तरी बॅटरी जोडल्यावर थ्रॉटल कट (मोटर बंद ठेवणारा स्विच) चालू ठेवायची सवय दोन्हीकडे लावून घ्या. गवतातून विमान उचलताना गळ्यातल्या ट्रान्समीटरची, म्हणजे रिमोटची स्टिक पोटाला लागते आणि मोटर सुरू होते, हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. आणि पाठीवरच्या मोटरला प्रॉप लावताना पात्यावरची अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेला ठेवा. साधाच, नाकवाल्यासाठीचा प्रॉप असेल तर मोटर उलटी फिरवावी लागते, त्यासाठी तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. मी अक्षरं उलटी ठेवून अर्धा तास फेकत बसलो होतो. मोटर ओरडत होती आणि विमान जागचं हलायला तयार नव्हतं.

तुमच्याजवळ गुळगुळीत पट्टी असेल आणि ट्रेनर मोडमध्ये दुसरा ट्रान्समीटर हातात धरून शेजारी उभा राहणारा कोणी असेल, तर माझं हे सगळं गणित बदलतं. चूक होताच तो ताबा घेईल, प्रॉप मोडणार नाही, आणि मग धावपट्टीवरून उठणारं, चाकांवर उतरणारं विमान शिकायला जास्त मजेचं आहे. एकटे शिकत असाल, खाली गवत असेल, तर मला वाटतं पाठीवर प्रॉपवालंच घ्यावं. नाकवालं सहा महिन्यांनी घेता येतं. मीही आता ते वारा पडलेल्या सकाळी काढतो आणि नीट उतरतं.

जास्तीचे दोन प्रॉप मात्र तरीही बरोबर घ्या. ग्लायडरसाठी घेतलेले माझे दोन्ही अजून पाकिटातच आहेत.