स्कॉटलंड-आयर्लंडच्या झडीत एकट्याची बाइक: कोणते रेनगिअर टिकते?

ताम्हिणी नाहीतर आंबोलीत पावसाळे काढलेल्या बाइकस्वाराला ब्रिटनच्या पावसाची भीती वाटत नाही. आकड्यांपुरते त्याचे खरेही आहे. इंग्लंडमधली सर्वांत ओली वस्ती म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमधले सीथवेट. तिथे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बराच कमी. ब्रिटनमधला चोवीस तासांतला विक्रम तिथून जवळच, होनिस्टर खिंडीत, डिसेंबर २०१५ मध्ये नोंदला गेला: ३४१.४ मिमी. सांताक्रूझने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिमी पाहिला आहे.

मग अडते कुठे? गारठ्यात. कोकणात चिंब भिजलेला माणूस पंचवीस अंशांच्या हवेत भिजलेला असतो. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये जूनमधल्या पावसाळी दिवशी पारा दहा-बारा अंशांवर असतो, आणि अॅपलक्रॉसकडे जाणाऱ्या बेलाख ना बा या ६२६ मीटर उंचीच्या खिंडीत आणखी तीन-चार अंश खाली. वरून वारा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, केरी किंवा कॉनेमारात, धो धो सरी कमीच; समुद्रावरून आडवी येणारी भुरभुर तासन् तास चालते. थांबेल म्हणून टपरीखाली उभे राहावे, तर ना पाऊस थांबतो ना टपरी सापडते. म्हणून इथे रेनगिअर जोखायचे ते दिवसभराच्या थंड पावसासाठी, आणि एकट्या स्वारासाठी. सोबत गाडी नाही, मागून झिप ओढून द्यायला कुणी नाही. जी वस्तू रस्त्याकडेला, बधिर बोटांनी, एकट्याला अंगावर चढवता येत नाही, ती कितीही महाग असली तरी इथे कुचकामी.

आधी लेबलवरच्या आकड्याबद्दल, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. 'वॉटरप्रूफ १०,००० मिमी' याचा अर्थ कापडावर दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब दिला तरी ते झिरपत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा दाब पाण्याच्या स्तंभात मोजला तर जेमतेम पाच सेंटिमीटर भरतो. सीटवर बसल्यावर बुडाखाली सरासरी दाब साधारण एक मीटर स्तंभाइतका होतो. शिवणीवर किंवा सीटच्या कडेवर तो बराच वाढतो. म्हणजे कापड दहा हजारांचे की वीस हजारांचे, हा वाद बहुतेक वेळा निरर्थक आहे. पाणी शिरते ते जांघेतल्या चार शिवणी एकत्र येतात तिथून, पुढच्या झिपमधून, गळ्यातून आणि मनगटातून. पँट घेताना ती उलटी करून जांघेची शिवण आतून टेपने सीलबंद आहे का, ते पाहा. टेपच्या कडा उचकटत असतील तर ती पँट तिथेच ठेवा. जॅकेटवरचा 'ईएन १७०९२ एए' हा शिक्का घसरून पडल्यावर अंग किती वाचेल याबद्दल आहे. पावसाशी त्याचा संबंध नाही.

आता तीन पद्धती. पहिली, आपल्याकडच्या बहुतेक टूरिंग जॅकेटांत असते ती: बाहेर जाळीचे किंवा जाड नायलॉनचे कापड आणि आत झिपने जोडायचे रेन लायनर. लडाखला हे चालते, हायलँड्समध्ये नाही. लायनर आतल्या अंगाला कोरडे ठेवते हे खरे, पण बाहेरचे कापड पाणी पिऊन बसते. असे लिटरभर पाणी तीन तासांत वाऱ्यावर वाळले, तर त्यासाठी सुमारे सव्वादोनशे वॅट उष्णता खर्च होते. यातली पुष्कळशी हवेतून येते, उरलेली तुमच्या अंगातून. आणि स्वस्थ बसलेले शरीर मुळात शंभरेक वॅटच उष्णता बनवते. म्हणून 'आत पाणी आले नाही, तरी हुडहुडी भरली' अशी तक्रार ऐकू येते. शिवाय बाहेरचे खिसे भिजतात, आणि पासपोर्ट नेमका तिथे असतो. पाऊस सुरू झाल्यावर लायनर जोडायचे तर भर पावसात जॅकेट उतरवावे लागते, हे वेगळेच. या कामासाठी ही पद्धत नापास.

दुसरी, लॅमिनेट. यात पाणी अडवणारा पडदा बाहेरच्या कापडालाच आतून चिकटवलेला असतो, त्यामुळे कापड पाणी धरून ठेवत नाही. झटकले की जॅकेट जवळजवळ कोरडे. क्लिम कंपनीचे बॅडलँड्स प्रो हे गोअर-टेक्स प्रो नावाचा पडदा वापरणारे जॅकेट या वर्गातले ठळक उदाहरण. फिनलंडच्या रुक्काचे सूटही याच जातीचे. सकाळी चढवायचे आणि रात्री उतरवायचे, मध्ये आकाशाकडे पाहायची गरज नाही. एकट्या माणसाला याहून सोयीचे काही नाही. उणिवाही आहेत. कापड ताठ असते, पडद्याला स्वतःची ऊब नसते म्हणून आत फ्लीस लागतेच, आणि लंडनच्या ट्रॅफिकमध्ये ऊन पडले की आत घामाच्या धारा लागतात. हवा खेळावी म्हणून काखेत आणि छातीवर दिलेल्या झिपा अर्धा इंच उघड्या राहिल्या तरी पाणी आत येते. किंमत सहाशे पौंडांच्या पुढे कुठेही जाते.

लॅमिनेटची खरी परीक्षा दोन-तीन हंगामांनंतर होते. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप धूळ, तेल आणि घर्षणाने जातो. मग थेंब घरंगळत नाहीत, कापडावर ओलीचे डाग पसरतात. पडदा तेव्हाही शाबूत असतो, पण वर पाण्याचा थर बसल्याने आतला घाम बाहेर पडत नाही, आणि स्वाराला वाटते जॅकेट गळतेय. आधी धुऊन बघावे. नेहमीची कपड्यांची पावडर नको, सॉफ्टनर तर अजिबात नको. ससेक्सच्या निकवॅक्सचे टेक वॉश किंवा तसाच साबण घ्यावा. लेबलवर परवानगी असेल तर मंद आचेच्या ड्रायरमध्ये वीसेक मिनिटे फिरवावे. उष्णतेने जुना लेप पुन्हा जागा होतो. त्यानंतरही थेंब कापडात पसरू लागले तरच नवा लेप चढवावा.

तिसरी पद्धत म्हणजे वरून घालायचा साधा ओव्हरसूट. ऑक्सफर्ड कंपनीचा रेनसील किंवा तसाच दुसरा. साधारण चाळीस ते शंभर पौंड. दोन-तीन आठवड्यांसाठी भारतातून जाणाऱ्याने हाच घ्यावा, असे स्पष्ट मत आहे. आपले नेहमीचे जॅकेट, आत फ्लीस, वर ओव्हरसूट: पाणीही अडते आणि वाराही, आणि तेवढ्याने ऊब पुष्कळ वाढते. मात्र तो निवडताना चार गोष्टी बघाव्या लागतात. जॅकेटच्या मापापेक्षा एक-दोन मापे मोठा घ्या, पण दंड आणि पोटऱ्यांवर आवळायचे पट्टे हवेत. फडफडणारे कापड हायवेवर शिवणीतच उसवते. पायाची झिप गुडघ्यापर्यंत उघडायला हवी, नाहीतर बूट अडकतो. अडकलाच तर बुटावर प्लास्टिकची पिशवी चढवा, पाय सरकन जातो. सायलेन्सरकडच्या पोटरीला उष्णता झेलणारा जाड तुकडा नसेल तर पहिल्याच दिवशी भोक पडते. आणि पुढच्या झिपमागे दुहेरी पट्टी हवी.

एकसंध की दोन तुकड्यांचा? एकसंध सूटला कमरेशी फट नसते, तिथून पाणी आत यायला वाट नाही. पण पेट्रोल पंपावर पाकीट काढताना आणि स्वच्छतागृहात तो जीव नकोसा करतो. दिवसभर सलग चालवणाऱ्याला एकसंध, थांबत-थांबत फिरणाऱ्याला दोन तुकड्यांचा. दोन तुकड्यांचा घेतलात तर पँट छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली घ्या. रंग भडक पिवळा. धुक्यात काळा सूट दिसतच नाही. ओव्हरसूटचा मोठा दोष म्हणजे तो घालायला उशीर होतो. खिंडीच्या पायथ्याशी, थेंब पडायच्या आधी घालावा.

सहली फसतात त्या जॅकेटमुळे कमी, हातमोज्यांमुळे जास्त. 'वॉटरप्रूफ' लिहिलेला चामड्याचा मोजा दोन-तीन तासांनी बाहेरून भिजून जड होतो आणि पाणी आत न येताही बोटे गार पडतात. वर आतले अस्तर सैल असेल तर ओल्या हाताबरोबर उलटे होऊन बाहेर येते. ते पुन्हा बोटांत बसवताना अर्धा तास सहज जातो. विकत घेताना हात किंचित ओला करून मोजा घालून-काढून पाहा. दोन जोड न्या. शोवा कंपनीचे टेमरेस २८२ हे थंडीत काम करणाऱ्यांचे रबरासारखे मोजे पावसात फार उत्तम; पडल्यावर हात वाचवायची त्यांत काहीच सोय नाही, हे मात्र लक्षात ठेवून घ्या. मोज्याची बाही जॅकेटच्या आत असावी. दंडावरून ओघळणारे पाणी नाहीतर सरळ मोज्यात उतरते.

यावर सर्वांत चांगला खर्च म्हणजे गरम ग्रिप्स. ऑक्सफर्डचे हॉटग्रिप्स बसवायला सोपे, पूर्ण तापमानावर चार अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे पन्नास वॅट घेतात. ते तळहात तापवतात, बोटांची पाठ नाही. म्हणून हँडगार्ड हवेतच. भाड्याची बाइक घेणाऱ्याने 'हीटेड ग्रिप्स आहेत का' हा प्रश्न सीसीच्याही आधी विचारावा.

गळ्याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. हेल्मेटच्या कडेवरून गळणारे पाणी कॉलरवर पडते, आणि तिथे सुती बफ किंवा मफलर बाहेर डोकावत असेल तर तो दिव्याच्या वातीसारखा पाणी शोषून छातीपर्यंत नेतो. बफ सिंथेटिक घ्या आणि त्याची खालची कड कॉलरच्या आत ठेवा.

व्हायझरवर पिनलॉक हवाच. ही मागच्या बाजूला सिलिकॉनच्या कडेने चिकटून बसणारी दुसरी काच. मधल्या कोरड्या हवेमुळे धुके धरत नाही. दोन काचांच्या मध्येच वाफ दिसू लागली तर सिलिकॉनची कड कुठेतरी टेकत नाही, असे समजावे. व्हायझरवरच्या खुंट्या मध्यापासून किंचित सरकलेल्या असतात. त्या फिरवून ताण वाढवता येतो. साफ करायला फक्त कोमट पाणी आणि मऊ कापड. गडद पिनलॉक घेऊ नका, पावसात काळोखून येते तेव्हा रस्ता दिसत नाही. आणि फक्त आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट ब्रिटनमध्ये कायद्याला पुरेसे नाही. त्यावर ईसीई २२.०५ किंवा २२.०६ (किंवा ब्रिटिश बीएस ६६५८:१९८५) या मानकाचा शिक्का हवा.

सामानासाठी कव्हरवाल्या बॅगा टाळा. कव्हर वाऱ्याने उडते किंवा त्याच्या तळाशी पाणी साचून बॅगच त्यात बुडते. क्रिगा किंवा ऑर्टलीबच्या तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगा घ्या, आणि तोंडाला किमान तीन वेढे द्या. मोबाइलबद्दल एक सांगायला हवे: थेंब पडले की स्क्रीन आपोआप दाबल्यासारखी होते आणि ओल्या पोर्टमधून चार्जिंग बंद पडते. रस्ता कानातल्या आवाजावर ऐका आणि वायरलेस चार्जरचा माउंट लावा, नाहीतर नकाशा कोरड्या खिशात छापील ठेवा.

रस्त्याचे थोडक्यात: डांबरातल्या भेगांवर ओतलेले काळे पट्टे, गुरे अडवणाऱ्या लोखंडी जाळ्या आणि राउंडअबाउटवर सांडलेले डिझेल ओल्यात साबणासारखे होतात, यांवर बाइक सरळ ठेवून जा, ब्रेक आधीच मारून घ्या. स्कॉटलंडमधले केर्नरायन ते बेलफास्ट किंवा वेल्समधले होलीहेड ते डब्लिन अशा फेरीबोटीच्या रॅम्पवरही हेच. बोटीत बाइक पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर. बाइक बांधायचा पट्टा सीटवरून घेताना खाली कापड ठेवा. प्रवासात गाड्यांच्या डेकवर परत जाऊ देत नाहीत, तेव्हा कोरडे कपडे हातात घेऊनच वर जा. ब्रिटनमध्ये टायरला कायद्याने १ मिमी खोली पुरते. पावसात तेवढी पुरत नाही. भाड्याच्या बाइकला ३ मिमीच्या खाली दिसली तर बदलून मागा. चेनचे तेल रोज धुऊन जाते, रोज संध्याकाळी द्या.

पाऊस थांबून वारा पडला की स्कॉटलंडच्या पश्चिमेला मिजेस नावाची बारीक चिलटे उठतात. हेल्मेट काढायच्या आधी चेहऱ्याला स्मिज हे चिलटे दूर ठेवणारे औषध लावा. सूट उतरवायचे काम पेट्रोल पंपाच्या आत करा.

सूट वाळवायला यूथ हॉस्टेलांतली ड्राइंग रूम, म्हणजे ओले कपडे वाळवायची खोली, ही हॉटेलच्या रेडिएटरपेक्षा कितीतरी चांगली; बुकिंग करताना ती आहे का ते विचारा. रेडिएटरवर चामड्याचे मोजे कडक होतात. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि झोपायच्या आधी एकदा बदला.

खरेदी तिथेच करायची असेल तर लंडनऐवजी डब्लिन किंवा बेलफास्टमध्ये करा. जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये परदेशी प्रवाशाला दुकानातल्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये आणि आयर्लंडच्या प्रजासत्ताकात अजून मिळतो, दुकान त्या योजनेत असेल तर. पण पाऊस स्कॉटलंडपासूनच लागणार असेल, तर ओव्हरसूट भारतातून नेलेला बरा. आणि दुकानात सूट घालून नुसते आरशासमोर उभे राहू नका. तिथल्या एखाद्या बाइकवर बसा, हात हँडलवर ठेवा, मान खाली घाला. पँट बुटाच्या वर सरकली किंवा मनगट उघडे पडले, तर पुढचे माप मागा.