गूगल फ्लाइट्स: सोलापूरहून परदेशी निघणाऱ्याला किती उपयोगी?

परदेशी सहलीसाठी स्वस्त विमान तिकीट शोधून देणारी साधने आता पुष्कळ झाली आहेत. त्यांपैकी गूगल फ्लाइट्स मी नियमित वापरतो, आणि मुंबईकरापेक्षा सोलापूरकराला ते जास्त कामाचे आहे, असे माझे मत आहे. सोलापुरातून परदेशी विमान सुटतच नाही, तेव्हा हे मत उलटे वाटेल. होटगी रस्त्यावरचा विमानतळ, विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून पेटलेला वाद, जून २०२३ मध्ये पाडली गेलेली चिमणी, सप्टेंबर २०२४ मधले उद्घाटन आणि २०२५ मध्ये एकदाची सुरू झालेली गोव्याची व मुंबईची विमाने, हे सारे शहराला तोंडपाठ आहे. पण बँकॉक, सिंगापूर किंवा दुबई गाठायची तर आधी दुसऱ्या शहराचा विमानतळ गाठणे आलेच. मुंबईचा माणूस ‘कुठून’ या चौकटीत डोळे झाकून मुंबई लिहून पुढे जातो. आपल्याला त्या चौकटीपाशी थांबावे लागते, आणि पैसे बहुतेक वेळा तिथेच वाचतात.

आधी हे साधन काय करते आणि काय करत नाही, ते सांगतो. गूगल फ्लाइट्स स्वतः तिकीट विकत नाही. ते भाडी दाखवते आणि खरेदीसाठी विमान कंपनीच्या किंवा एखाद्या एजंटच्या संकेतस्थळाकडे पाठवते. विमानभाड्यांचा हिशेब मांडणारी आयटीए सॉफ्टवेअर ही अमेरिकी कंपनी गूगलने ७० कोटी डॉलरना घेतली, तो व्यवहार २०११ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी हे साधन सुरू झाले. या वारशाचा फायदा वेगात दिसतो. तारीख, शहर किंवा थांब्यांची संख्या बदलली की नवी भाडी क्षणात समोर येतात, त्यामुळे पाच-पन्नास शक्यता ताडून पाहण्याचा कंटाळा येत नाही.

आता त्या ‘कुठून’ चौकटीकडे वळू. तिच्यात एकाच वेळी अनेक विमानतळ लिहिता येतात, ही सोय पुष्कळांच्या लक्षातच आलेली नसते. मुंबई, हैदराबाद, पुणे आणि बंगळूर ही चारही नावे एकदम टाकली की चारही ठिकाणांहून सुटणारी विमाने एकाच यादीत भाड्याच्या क्रमाने मांडली जातात. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडे पुढे, मुंबई चारशे आणि बंगळूर सहाशेच्या आसपास, असे आपले शहर मधोमध बसलेले आहे. विमानसेवेच्या बाबतीत आजवर याची आपण तक्रारच करत आलो. तिकीट शोधताना मात्र ही जागा सोयीची ठरते.

यांपैकी हैदराबादचा विचार सोलापूरकर फार कमी करतात, याचे मला नेहमी नवल वाटते. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे सोयरे तिकडे आहेत, लग्नकार्यासाठी जाणे-येणे कायम चालू असते, पण परदेशी जायचे ठरले की पावले आपोआप मुंबईकडे वळतात. राष्ट्रीय महामार्ग ६५ ने उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत संगारेड्डी ओलांडली, की शहराच्या गर्दीत न शिरता आउटर रिंग रोडने थेट शमशाबादच्या विमानतळावर उतरता येते. चौघांचे कुटुंब असेल तर भाड्याच्या गाडीचा खर्च चौघांत वाटला जातो. नातेवाइकांकडे स्वतःची गाडी ठेवता येत असेल तर विमानतळावरच्या पार्किंगचे पैसेही वाचतात. आग्नेय आशियाकडची भाडी इथून कधी मुंबईपेक्षा कमी दिसतात, कधी जास्त; म्हणूनच दोन्ही नावे टाकून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

एकट्याने किंवा दोघांनी जायचे असेल तर मुंबईचे गणित रेल्वेमुळे बरे बसते. वंदे भारत सकाळी सोलापुरातून निघून दुपारी मुंबईला पोचते, आणि परदेशी विमाने बरीचशी रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून भुयारी मेट्रोने सरळ विमानतळाच्या टी २ या टर्मिनलपर्यंत जाता येते; बॅगा घेऊन लोकलमध्ये चढण्याचा आणि अंधेरीला रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याचा प्रसंग आता टळला आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते, त्यामुळे रात्रीच्या विमानासाठी ती निरुपयोगी. परतीला मात्र ती उत्तम. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. विमानाचे तिकीट चार-पाच महिने आधी घेता येते, पण नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते. तेव्हा विमान ठरल्यावर रेल्वे आरक्षणाची तारीख मोबाईलमध्ये नोंदवून ठेवलेली बरी, नाहीतर विमानात जागा आहे आणि गाडीत वेटिंग, अशी गत होते.

पुण्याहून थेट परदेशी विमाने मोजकीच आहेत. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला असून सोलापूरच्या बाजूने येणाऱ्याला तो जुन्या विमानतळापेक्षा जवळ पडतो, म्हणून शोधताना तोही घालून पाहावा. बंगळूर मी यादीत ठेवतो, पण अंतर पाहता भाड्यातला फरक चांगलाच मोठा असल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही. थोडक्यात, पडद्यावर दिसणाऱ्या भाड्यात सोलापूरपासून विमानतळापर्यंतचा आणि परतीचा खर्च स्वतः मिळवावा लागतो, आणि त्यासाठी वही-पेन घेऊन बसावे लागते. हे काम साधन करून देत नाही.

तारखांच्या बाबतीत मात्र त्याची बरोबरी करणारे दुसरे काही मी पाहिलेले नाही. तारखांच्या तक्त्यात एका बाजूला जाण्याच्या आणि दुसऱ्या बाजूला येण्याच्या तारखा असतात, प्रत्येक चौकोनात त्या जोडीचे भाडे असते, आणि कमी भाडी हिरव्या रंगात उठून दिसतात. शुक्रवारी जाऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी परतण्याऐवजी मंगळवारी जाऊन पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी परतले तर किती फरक पडतो, हे तिथे बोटाने दाखवता येते. घरातल्या मंडळींना रजा पुढे-मागे करायला पटवताना याचा फार उपयोग होतो. दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात सगळा महाराष्ट्र एकदम बाहेर पडतो, तेव्हा तक्ताभर कुठेही हिरवा रंग नसतो. नाताळ आणि नवे वर्ष सरल्यावर जानेवारीत भाडी सहसा उतरतात. पण गड्ड्याची यात्रा टाकून संक्रांतीला कोणता सोलापूरकर गाव सोडणार, हा प्रश्न उरतोच. त्याने आपली सहल जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत न्यावी, तेव्हाही दर बरे असतात.

तारखेचीच आणखी एक बाब. विमान १५ तारखेला रात्री ००:३० ला सुटत असेल तर १४ तारखेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास विमानतळावर हजर असावे लागते, म्हणजे सोलापूर १४ च्या सकाळी सोडावे लागते. स्वस्त विमाने नेमकी याच वेळेत असतात. तिकीट काढण्याआधी तारीख आणि वेळ मोठ्याने वाचून घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी.

भाडे वर-खाली का होते, याविषयी आपल्याकडे गैरसमज पुष्कळ आहेत. वारंवार शोधले की कंपनीला कळते आणि ती भाव वाढवते, म्हणून ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडावी, असा सल्ला हमखास दिला जातो. प्रत्यक्षात एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढच्या गटाचा दर दिसू लागतो, आणि आपण शोधत असताना तो बदलला की संशय आपल्या शोधावर येतो. या गटांमुळेच एक युक्ती कामी येते. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि आपण चार प्रवासी टाकले, तर चौघांनाही पुढच्या, महाग गटाचा दर लावून दाखवला जातो. म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधावे, मग चौघांसाठी. माणशी दरात फरक दिसला तर दोन-दोन अशी वेगळी तिकिटे काढण्याचा विचार करता येतो. अर्थात तसे केल्यास पीएनआर दोन होतात, आणि विमानाची वेळ बदलली किंवा ते रद्द झाले तर कंपनीच्या लेखी ती दोन वेगळी कुटुंबे असतात. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर थोड्या पैशांसाठी हा उद्योग मी करणार नाही.

भाड्यावर लक्ष ठेवण्याची सोयही चांगली आहे. हव्या त्या मार्गाचे बटण चालू केले की भाडे बदलल्यावर मेल येतो, आणि सध्याचा दर त्या मार्गासाठी कमी, नेहमीचा की जास्त, हेही साधन सांगते. हजार-पाचशेच्या घसरणीची वाट पाहत आठवडे घालवणारे लोक मला माहीत आहेत. ‘कमी’ असा शेरा दिसला आणि तारखा जुळल्या की तिकीट काढून मोकळे व्हावे.

आता उणिवा. यादीत सर्वांत वर दिसणारे भाडे पुष्कळदा बॅगेविना असते. आशियातल्या अनेक स्वस्त विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोचीच मुभा देतात आणि चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घेतात. शेंगा चटणी आणि कडक भाकरीचे पुडके घेतल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या आपल्या लोकांसाठी ७ किलो म्हणजे निव्वळ कपड्यांचे वजन झाले. तेव्हा बॅगेसह होणारे भाडे विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन पाहावे आणि तुलना त्याचीच करावी.

दुसरी अडचण पैसे भरताना येते. एका एजंटच्या संकेतस्थळावर विमान कंपनीपेक्षा थोडे कमी भाडे दिसले म्हणून मी पुढे गेलो. दुसऱ्या पानावर जागा निवडण्याचे पैसे आले, तिसऱ्या पानावर प्रवास विम्याच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण होती, आणि शेवटच्या पानावर माणशी कन्व्हिनियन्स फी वाढली. बेरीज विमान कंपनीच्या भाड्याच्या वर गेली, तेव्हा ती खिडकी बंद करून मी कंपनीकडूनच तिकीट घेतले. ग्राहकाने न मागितलेली वस्तू बिलात घुसवणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचना म्हणून नोंदलेले आहेत. सूचना आहेत, तरी खुणा काढण्याचे काम अजून ग्राहकालाच करावे लागते. भाड्यात दोन-तीनशेचाच फरक असेल तर मी नेहमी विमान कंपनीकडूनच घेतो, कारण पुढे तारीख बदलायची किंवा परतावा मागायचा झाला तर मध्ये तिसरा माणूस नसतो. परताव्यावरून आठवले: तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरी रद्द केल्यावर त्यातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळाले पाहिजे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. ते मागायला संकोच करू नये.

तिसरी गोष्ट दोन वेगळी तिकिटे जोडून बनवलेल्या स्वस्त मार्गांची. अशा ठिकाणी साधन तशी सूचना देते, पण ती बारीक असते आणि भाड्याचा आकडा मोठा. क्वालालंपूरला पहिले तिकीट संपून पुढे बालीसाठी दुसरे असेल, तर सामान ताब्यात घ्यावे लागते, त्या देशात प्रवेशाची परवानगी लागते, आणि पहिले विमान उशिरा पोचल्यामुळे दुसरे चुकले तर त्याची जबाबदारी कोणतीच कंपनी घेत नाही. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

स्कायस्कॅनर हे याच्या जोडीला वापरण्याजोगे साधन आहे. लहान एजंटांची भाडी तिथे जास्त दिसतात, आणि कुठे जायचे तेच ठरलेले नसेल तर ‘कुठेही’ हा पर्याय देऊन महिनाभरातली सर्वांत स्वस्त ठिकाणे पाहता येतात. शोध तिथे आणि पडताळणी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर, असे करायला हरकत नाही. मला स्वतःला तारखांच्या तक्त्यासाठी गूगलचेच साधन सोयीचे वाटते.

राहता राहिले शहरातले ट्रॅव्हल एजंट. त्यांची गरज संपली, असे म्हणणारे लोक एकट्याने फिरणारे असतात. व्हिसाची कागदपत्रे, ज्येष्ठांसाठी व्हीलचेअरची नोंद, ऐनवेळी तारीख बदलणे या कामांत ओळखीचा एजंट उपयोगी पडतो, आणि त्याचा मेहनताना द्यायला हरकत नसावी. मात्र त्याच्याकडे विमानाचा क्रमांक विचारून तेच विमान आधी गूगल फ्लाइट्सवर पाहावे, आणि मेहनताना भाड्यापासून वेगळा लिहून मागावा. विमान आणि हॉटेल एकत्र असे परदेशी टूर पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला कर, कापला जातो, जो पुढे आयकरात वळता करून घेता येतो. नुसते विमानाचे तिकीट घेतल्यास तो लागत नाही. भिशीचा गट किंवा दोन-तीन भावंडांची कुटुंबे मिळून निघणार असतील, तर मात्र सरळ एजंटकडेच जावे, कारण गूगल फ्लाइट्समध्ये नऊपेक्षा जास्त प्रवासी टाकताच येत नाहीत, आणि साधारण दहापासून पुढच्या गटांना विमान कंपन्या वेगळा दर देतात, ज्यात आधी अनामत भरून नावे नंतर कळवण्याची सवलत बहुधा असते.