शंभर पक्ष्यांची बाटली, एक कोंबडी: पशुऔषध दुकानातलं काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

सांगली, तासगाव, विटा, कुठल्याही पशुऔषध दुकानात जाऊन "कोंबडी मलूल आहे, अंडी द्यायची थांबलीय" म्हटलं की काउंटरवर ठरलेला माल येतो: लिक्विड कॅल्शियम, व्हिटॅमिनचे थेंब, जंताचं औषध आणि वरून अँटिबायोटिकची पुडी. माल खोटा नसतो. पण तो बनलेला असतो लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, शेडसाठी नाहीतर गाई-म्हशींसाठी. परसात चार-पाच गावठी किंवा गिरिराज (सुधारित जातीच्या) कोंबड्या पाळणाऱ्याला त्यातलं काय उपयोगी पडतं, एवढंच इथे तपासलं आहे.

पिशवी घेऊन निघण्याआधी कोंबडी हातात घ्या. गुदद्वाराखाली दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावत असतील आणि द्वार ओलसर, रुंद असेल तर ती अंड्यावर आहे. कदाचित कडब्याच्या गंजीत घालत असेल किंवा मुंगूस नेत असेल. एकच बोट मावतंय, द्वार कोरडं नि आक्रसलेलं, तर अंडी खरंच बंद आहेत. पिसं झडत असतील, खुडूक बसली असेल किंवा डिसेंबरचा लहान दिवस असेल तर तो आजार नाही. अंड्याला साधारण 14 ते 16 तास उजेड लागतो आणि आपल्याकडे हिवाळ्यात दिवस 11 तासांचा असतो. अशा वेळी अंडी वाढवणारं कुठलंही टॉनिक म्हणजे पैसे पाण्यात. छातीचं हाड सुरीसारखं लागत असेल, तुरा फिका पडून आकसला असेल, सकाळी दाणे टाकायच्या आधीच गळ्याखालची पिशवी टम्म असेल, तर मात्र आजार धरा.

लिक्विड कॅल्शियम सगळ्यात जास्त खपतं आणि एका कोंबडीसाठी सगळ्यात कमी कामाचं आहे. हिशेब सोपा आहे. रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सुमारे 4 ग्रॅम कॅल्शियम लागतं. त्यातलं 2 ग्रॅम एका कवचातच जातं. बाटलीच्या लेबलवर समजा 100 मि.लि.मध्ये 1,600 मि.ग्रॅ. कॅल्शियम लिहिलंय, म्हणजे 1 मि.लि.मध्ये 16 मि.ग्रॅ. चार ग्रॅम भरायला पाव लिटर पाजावं लागेल! शिवाय हे गोड औषध पाण्यात घातलं की भांडं दुपारपर्यंत बुळबुळीत होतं आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्या.

त्याच दुकानात नाहीतर खाद्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या पोत्यात शेलग्रिट असतं, शिंपल्यांचा जाडसर चुरा. स्वस्त, आणि या यादीतली सगळ्यात चांगली वस्तू. त्यात सुमारे 38 टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे 5 ग्रॅम ग्रिटमध्ये जवळपास 2 ग्रॅम. बारीक पूड घेऊ नका. जाड तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात आणि कवच रात्रीच बनतं. खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला लागतं तीच खाते, आणि अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांवर नको असलेल्या कॅल्शियमचा भार पडत नाही.

व्हिटॅमिनचे थेंब ठीक आहेत, पण डोस शंभर पक्ष्यांचा छापलेला असतो. 100 पक्ष्यांना 10 मि.लि. असं असेल तर एकीला 0.1 मि.लि., साधारण दोन थेंब. बुचाने ओतू नका, 1 मि.लि.ची सिरिंज सुईशिवाय वापरा आणि चोचीच्या कडेने सोडा. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, सरळ घशात पिचकारी मारली की औषध फुप्फुसात जातं. हगवण असेल तर मेडिकलमधलं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट या मापाने करा. शिळं ठेवू नका.

जंताच्या औषधात चूक महागात पडते. अल्बेंडाझोलचं सस्पेन्शन 2.5 टक्के आणि 10 टक्के अशा दोन ताकदींचं मिळतं, बाटल्या सारख्याच दिसतात. पहिल्यात 1 मि.लि.ला 25 मि.ग्रॅ., दुसऱ्यात 100. डॉक्टरांनी किलोला 20 मि.ग्रॅ. सांगितलं असेल तर दीड किलोच्या कोंबडीला 30 मि.ग्रॅ., म्हणजे पहिल्यातलं 1.2 मि.लि. किंवा दुसऱ्यातलं 0.3. टक्का न बघता 1.2 पाजलं तर चौपट जातं. वजन अंदाजाने नको, पिशवीत घालून काट्यावर करा. बाटली जोरात हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. पायपेराझिन स्वस्त, पण ते फक्त मोठ्या गोल जंतांवर चालतं. विष्ठेत भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, त्यांना त्याचा उपयोग नाही. औषधानंतरची अंडी किती दिवस खायची नाहीत, हे विचारूनच दुकान सोडा. आणि तुरा फिका असेल तर जंतांआधी रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी बघा. रक्त पिणाऱ्या गोचिडी दिवसा तिथे लपतात, रात्री कोंबडीवर चढतात. बाटली रिकामी केली तरी फटी तशाच राहतात.

अँटिबायोटिकची सुटी पुडी घेऊ नका. नाव नाही, टक्का नाही, मुदत नाही. घरात कोलिस्टिन या अँटिबायोटिकची जुनी पाकिटं असतील तर तीही वापरू नका. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत ते वापरायला केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली आहे.

त्यापेक्षा दोन-तीन किलो लेअर खाद्य सुटं मागा. नुसत्या ज्वारी-कणीवरच्या कोंबडीला प्रथिनं कमी पडतात. लेअर खाद्यात ती 16 ते 18 टक्के असतात. पोतं मात्र घेऊ नका, पावसाळ्यात मक्याला आणि शेंगपेंडीला बुरशी लागते आणि तिचं विष यकृतावर जातं. कुबट वास आला की तो माल परत.

अंडं अडकलेली कोंबडी शेपूट खाली पाडून पेंग्विनसारखी उभी राहते आणि कुंथते. तिच्यासाठी दुकानात काहीच नाही. मागचा भाग कोमट पाण्यात, हाताला ऊबदार लागेल इतक्याच, 15-20 मिनिटं धरा, द्वाराला खाद्यतेल लावा, अंधाऱ्या शांत डालग्यात ठेवा. माणसांची 500 मि.ग्रॅ. कॅल्शियम व डी-3ची अर्धी गोळी भाकरीच्या गोळीतून दिली तर अख्ख्या बाटलीपेक्षा बरी. पोट दाबून अंडं फोडू नका, आत कवच टोचतं. काही तासांत निघालं नाही तर डॉक्टर.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस दुकानदार फ्रीजमधून काढून देतो. ती निरोगी पक्ष्यांसाठी, 2 ते 8 अंशांत आणि बर्फातून न्यायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. हिरवी हगवण लागलेल्या, मान वाकडी झालेल्या कोंबडीवर लस हा इलाज नाही. तिथे गावचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा फिरत्या पथकासाठी 1962 या नंबरावर फोन. मेली तर कापू नका. दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधून बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि दवाखान्यात विचारून शवविच्छेदनाला पाठवा. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. एकापाठोपाठ एक मरायला लागल्या तर हातही लावू नका, आधी दवाखान्यात कळवा.